दोन मिनिटांचं संशोधन

आमच्या घरात फॉर्म भरायचा मान बाबांचा. ते वीज कंपनीच्या ऑफिसात बाबू होते, आणि कुठल्या रकान्यात काय लिहिलं म्हणजे अर्ज परत येत नाही, हे आपल्याइतकं अख्ख्या इंदूरमध्ये कुणाला कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. सुदामानगरातली आमची अर्धी गल्ली पासपोर्टपासून गॅस कनेक्शनपर्यंतचे फॉर्म त्यांच्याकडूनच भरून घ्यायची. बाबा प्रत्येकाला चहा पाजायचे आणि एकच उपदेश करायचे, "कोई कॉलम खाली मत छोड़ो, भिया. खाली कॉलम मतलब रिजेक्ट." या उपदेशाने गल्लीचं भलं झालं असेल. माझी मात्र त्याने चांगलीच जिरवली.

तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय मायक्रोबायोलॉजी. बाबांच्या लेखी मायक्रोबायोलॉजी म्हणजे बँकेच्या परीक्षेचं वय होईपर्यंतचा टाइमपास. भंवरकुआँच्या एका बँकेच्या क्लासमध्ये त्यांनी माझ्यासाठी चौकशी करून ठेवली होती, आणि क्लासवाले आठवड्यातून एकदा मलाच फोन करून "मॅडम, कब से जॉइन कर रहे हो?" असं विचारत. मला एमएससी करायची होती, तीही बाहेर कुठेतरी, जिथे मायक्रोस्कोपमध्ये बघायला रांग लावावी लागत नाही अशा ठिकाणी. यावरून आमच्या घरात रोज जेवताना वाजायचं. आईला दोघांचंही पटायचं, त्यामुळे ती दोघांवरही चिडायची.

शेवटी एकदा वरणभात कालवता कालवता बाबांनी शर्त लावली. "या गर्मीच्या सुट्टीत बाहेरच्या कोणत्या पण मोठ्या लॅबनी तुला ट्रेनिंगला घेतलं, तर कर एमएससी. मी चूं नाही करणार. नाही घेतलं, तर सरळ बँकेचा क्लास, आणि मग मायक्रोचं नाव काढायचं नाही. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणाले. मला वाटलं, त्यात काय एवढं.

मग मी देशभरातल्या सरांना आणि मॅडमना मेल पाठवायला लागले. प्रत्येकाला लिहायचे की तुमचं काम वाचून मी भारावून गेले आहे. ज्यांचं काम वाचलं नव्हतं त्यांच्या बाबतीत तर मी जरा जास्तच भारावून जायचे. उत्तर कुणाचं येईना. एकदा एक उत्तर आलं, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मेल आपोआप आलेला होता आणि त्यात लिहिलं होतं की सर रजेवर आहेत. "जवाब तर आला न!" आई म्हणाली, आणि साखर मलाच खायला लावली.

एकेक करून सगळीकडच्या तारखा संपल्या आणि पुण्यातली एक संस्था तेवढी उरली. तिची वेबसाइट हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होती, वर मोठ्या अक्षरांत 'ग्रीष्मकालीन अनुसंधान प्रशिक्षण' असं लिहिलेलं. अर्जाच्या शेवटच्या दिवशी माझी नेमकी प्रॅक्टिकलची परीक्षा आली. "तू निश्चिंत जा," बाबा म्हणाले, "फॉर्म मी भरतो." मलाही वाटलं, फॉर्मच्या बाबतीत बाबांवर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा विजयी मुद्रेने बसले होते. "एक पण कॉलम खाली नाही सोडला." मी भरलेला अर्ज उघडून वाचत गेले. नाव बरोबर, मार्क बरोबर. मग एक रकाना आला: प्राण्यांसोबत काम करण्याचा अनुभव. तिथे बाबांनी इंग्रजीत लिहिलं होतं, 'होय. म्हैस. लहानपणापासून.'

गौतमपुऱ्याला माझ्या आत्याकडे एक म्हैस होती, हे खरं आहे. सुट्टीत मी तिकडे जायचे, हेही खरं. पण अनुभव म्हणाल तर तो म्हशीला होता, माझा. मी दिसले की ती मला ढुशी मारून गोठ्याबाहेर काढायची.

"बाबा, त्यांना उंदीर-ससे म्हणायचे आहेत हो! लॅबमधले!"

"तर काय झालं? म्हैस उंदराहून मोठीच असते न?"

अर्जाच्या खाली 'प्रपत्र में संशोधन' असं एक बटण होतं. म्हणजे दुरुस्ती. आमच्या इंदूरमध्ये संशोधन म्हणजे दुरुस्तीच: आधार कार्डात संशोधन, वोटर लिस्टमध्ये संशोधन, विजेच्या बिलात संशोधन. मी बटण दाबलं, पण ते मेलेलं होतं. मुदत पाच वाजताच संपली होती. मी संस्थेला मेल केला की अर्जात संशोधन करायचं आहे. उत्तर नाही. पुन्हा केला. तरी नाही. म्हैस पुण्याच्या त्या कॉम्प्युटरमध्ये ठाण मांडून बसली, आणि आपली एमएससी तिने खाल्ली, असं मी मनाशी धरून टाकलं. बाबांशी मी बोलणंही बंद केलं. त्यांना ते कळायला बराच वेळ लागला, कारण तेव्हा घरात क्रिकेट चालू होतं.

अशात एका सकाळी मुलाखतीचं बोलावणं आलं. व्हिडिओवर, पुढच्याच आठवड्यात. मी नाचले, आईला नाचवलं आणि बाबांशी पुन्हा बोलायला लागले.

तयारी म्हणून मी इंग्रजीतली उत्तरं पाठ केली. लहानपणापासून मला सूक्ष्म जगाचं आकर्षण कसं आहे, इथून सुरुवात होती. हे वाक्य मी इंटरनेटवरून उचललं होतं, आणि माझ्या वर्गातल्या निदान निम्म्या मुलींना लहानपणापासून नेमकं तेवढंच आकर्षण होतं.

मुलाखतीच्या दिवशी घरात लग्नघरासारखी धावपळ. माझ्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथे आईने नवी कोरी चादर टांगली. मोबाइल शिलाई मशीनवर, लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. वर इस्त्रीचा कुर्ता आणि खाली घरातला पायजमा घालून मी बसले. बाबांनी सुट्टी टाकली होती, ते दाराबाहेर पहाऱ्याला. आई गल्लीच्या बंदोबस्ताला. मी मोबाइल सुरू केला आणि नेमकी कचरागाडी आपलं गाणं वाजवत गल्लीत शिरली. खिडकीतून मला आईचा आवाज ऐकू आला, "भिया, गाना बंद करो! बच्ची का इंटरव्यू है!" आणि खरोखर, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, आमच्या गल्लीतून कचरागाडी मुकाट्याने गेली.

पडद्यावर एक सर होते आणि एक मॅडम. सर पिकल्या केसांचे, कपाळाला आठ्या घातलेले. मॅडम चष्म्यातून माझा अर्ज वाचत होत्या.

"आडनाव मराठी दिसतंय," सर म्हणाले. "घरी मराठी बोलता का?"

"हो सर. मराठीच बोलतो न आम्ही. एकदम शुद्ध."

दाराबाहेर बाबांनी खाकरून दुजोरा दिला.

"मग मराठीतच बोलू या. इंग्रजीतलं सगळेच पाठ करून येतात. मला सांग, संशोधन करावं असं तुला का वाटलं?"

माझा जीव भांड्यात पडला. माझे मेल पोचले होते तर! एवढी मोठी माणसं, पण दुरुस्तीचा विषय स्वतःहून आधी काढला.

"सर, बाबांमुळे," मी म्हणाले.

"अरे वा. वडील या क्षेत्रात आहेत?"

"नाही सर, वीज कंपनीत आहेत. पण गलती त्यांची आहे न. त्यांच्यामुळेच संशोधनाची पाळी आली."

मॅडमनी अर्जातून डोकं वर काढलं. "म्हणजे तुझी स्वतःची इच्छा नाही?"

"माझी काय इच्छा असणार, मॅडम? शौक म्हणून थोडीच कोणी संशोधन करतं. पण त्याच्यापायी सगळं अडून पडलंय, तर म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे."

सरांच्या आठ्या वाढल्या. "याआधी कधी संशोधन केलं आहेस?"

"हो सर, आधार कार्डात. खूप चकरा मारायला लागल्या."

"आधार कार्डात," सर म्हणाले. त्यांनी मॅडमकडे बघितलं. मग अगदी सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, "आणि पुण्याला आलीस, तर संशोधनाला किती वेळ द्यायची तुझी तयारी आहे?"

"त्यासाठी पुण्याला कशाला यायचं, सर? दोन मिनिटांचं काम आहे! तुमच्याकडच्या कोणी बटण दाबलं की झालं. बस, ती म्हैस काढून टाका."

"म्हैस?"

"गौतमपुऱ्याची, सर. खरं तर ती माझी नाहीच, आत्याची आहे."

इतका वेळ बाबांनी दम धरला होता. पण आपण भरलेल्या फॉर्मवर शंका घेतली जातेय हे त्यांना सहन होईना. दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून त्यांचं डोकं पडद्यात आलं. "नमस्कार सर. म्हैस आहे, सर. खोटं नाही लिहिलं. फोटो पाहिजे तर पाठवतो."

मी त्यांना कोपराने बाहेर ढकललं. मग मॅडमच्या तोंडाचा कोपरा हलायला लागला.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "तू इंदूरची ना? संशोधन म्हणजे तुला करेक्शन म्हणायचंय का? हिंदीतलं?"

"हो मॅडम. फॉर्ममधलं."

"अगं, मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च."

हे सांगून मॅडम टेबलाखाली काहीतरी पडल्यासारख्या वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. मी मघापासून काय काय बोलले ते एकेक करून मला आठवायला लागलं. शौक म्हणून थोडीच कोणी करतं. एकदाचं होऊन जाऊ दे. दोन मिनिटांचं काम. माझे कान इतके तापले की ते पडद्यावरही लाल दिसत होते. आमच्या घरात रिसर्चला रिसर्चच म्हणत, त्याला मराठी शब्द असेल असं कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी तर सरांना बजावून सांगितलं होतं, एकदम शुद्ध म्हणून!

सर हसले नाहीत. "ठीक आहे," ते म्हणाले. "मग रिसर्च का करायचाय ते सांग. म्हैस सोडून."

पाठ केलेलं वाक्य जिभेवर आलं, पण एवढी शोभा झाल्यावर सूक्ष्म जगाचं आकर्षण वगैरे म्हणायची मलाच लाज वाटली. आता गेलंच आहे सगळं, तर निदान खरं बोलून जाऊ दे, असं मला झालं. आणि मी जीरावनाची गोष्ट सांगायला लागले.

पोह्यावर भुरभुरवायचा हा आमच्याकडचा मसाला. त्याच्याशिवाय इंदुरी माणसाच्या घशाखाली पोहे उतरत नाहीत. आई दरवर्षी सियागंजातून अख्खा मसाला आणून, भाजून, कुटून जीरावन करायची, आणि वर म्हणायची की हे खाल्लं की पोटातले सगळे जंतू मरतात. हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते. म्हणून कॉलेजात जंतू वाढवायच्या प्लेट हातात आल्यावर मी कुणाला न विचारता एका प्लेटवर आईचं जीरावन भुरभुरलं. मला वाटलं होतं, त्याच्या आजूबाजूला काहीच उगवणार नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर जीरावनाच्या कणाकणाभोवती पांढरे, खरखरीत कडांचे ठिपके उगवून आलेले. जंतू मरायचे सोडून मजेत नांदत होते. मी ते जीरावन तव्यावर पुन्हा कडक भाजून टाकलं. तरी उगवले.

"बाजूला साधी प्लेट ठेवली होती?" मॅडमनी विचारलं. त्या आता सरळ बसल्या होत्या.

"हो मॅडम. ती साफ राहिली. आणि एकीवर दुकानातलं जीरावन टाकलं होतं."

"त्यात काय मिळालं?"

मी आवाज खाली आणला. "दुकानातल्यात बरेच कमी निघाले."

स्वयंपाकघरात एक भांडं दाणकन आपटलं. आई गल्लीतून कधी परतली होती ते मला कळलंच नव्हतं.

"का कमी?" सर म्हणाले.

"ते माहीत नाही, सर. पहिले मला वाटलं, त्यांच्यात मीठ जास्त असतं म्हणून. मग आईच्या जीरावनात मी अजून मीठ टाकून पाहिलं, तरी तेवढेच निघाले. मग प्लेटी संपल्या आणि कॉलेजात मला ओरडा बसला. पण ते माझ्या डोक्यातून जातच नाही, सर. पोहे खाताना पण तेच येतं. का कमी निघाले, ते मला पाहिजेच आहे. मला माहीत नाही याला तुम्ही काय म्हणता. संशोधन म्हणत असाल, तर मला ते करायचंय."

सरांनी काहीतरी लिहून घेतलं. "कळवू," एवढंच म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

त्यानंतरचे दिवस घरात कठीण गेले. परक्या माणसांसमोर जीरावनाची बेइज्जती केली म्हणून आई मला कोरडे पोहे वाढायची आणि म्हणायची, "दुकानातलं आण न, त्यात कमी असतात." बाबा म्हशीबद्दल चकार शब्द काढत नव्हते, पण क्लासवाल्यांचा फोन आला की तो स्वतः घ्यायला लागले होते. "हां हां, अगले हफ्ते," असं ते हळू आवाजात म्हणायचे. मीही मनातून एमएससीवर पाणी सोडलं होतं. एकटी असले की रडायचे आणि कुणी खोलीत आलं की सर्दी झालीये म्हणायचे. माणूस इतकं मूर्खासारखं बोलल्यावर त्याला कोण घेणार?

आणि एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो असताना मेल आला. मी ताटावरून उष्ट्या हाताने मोबाइल उघडला. निवड झाली होती. दोन महिने, पुणे, मॅडमच्याच लॅबमध्ये. खाली मॅडमनी स्वतः एक ओळ लिहिली होती: येताना दोन्ही जीरावनं घेऊन ये.

आईने आधी देवाला हात जोडले आणि मग कुठली बरणी द्यायची यावर मोठ्याने विचार करायला लागली. भांडण तिथेच मिटलं. मी बाबांकडे बघितलं. शर्त मी जिंकले होते, आणि आता त्यांना चिडवून चिडवून हैराण करायचं मी ठरवून टाकलं होतं. ते पोळीचा तुकडा हातात धरून नुसतेच बसले होते.

"बोला बाबा. चूं नाही करणार म्हणाले होते न?"

"नाही करणार," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, नाही होणार तुझं."

"म्हणजे?"

"म्हणून तर शर्त लावली. म्हटलं, दोन-चार ठिकाणहून नाही म्हणून येईल, मग चुपचाप इथेच बँकेत लागशील. रोज शामला घरी येशील."

मला संताप आला. इतके महिने मी ज्या शर्तीपायी जिवाचं रान केलं, ती मी हरावी म्हणूनच लावली होती! चांगलं तोंडावर सुनवायचं म्हणून मी तोंड उघडलं. बाबांनी पोळीचा तो तुकडा भाजीत बुडवला, पण खाल्ला नाही. तसाच ताटात ठेवला. त्यांना तसं बघायची मला सवय नव्हती. मग नेहमीसारखी खोडी काढून बघितली.

"चला, तर आता पीएचडीची पण शर्त लावा. ती पण जिंकते मी."

"नाही," बाबा म्हणाले. "आता नाही लावणार. आता तू जाशीलच."

चिडवायचं मनात होतं, पण मला रडूच फुटलं. आणि या वेळी मी सर्दी झालीये असं म्हणाले नाही.